प्रिंटरचें इंटरफेस कार्ड कसें निवडावें?

पावत्यांच्या दोनतीन प्रती एकाच वेळीं काढावयाच्या असल्या म्हणजे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अद्यापि उपयोगी पडतो. अशा कांहीं प्रिंटरांत मूळच्या जोडणीखेरीज जादा इंटरफेस कार्ड बसविण्याची सोय असते. विक्रेता म्हणेल तें कार्ड घेणें सोपें. परंतु शाळेचा पैसा हा पालकांच्याच पदरचा असतो. म्हणून या कार्डाचें कार्य काय, हें आपण प्रथम पाहूं.

संगणकांतून निघालेला मजकूर प्रिंटरपर्यंत सुखरूप पोंचविणें, एवढेंच या कार्डाचें काम. एक इंग्रजी अक्षर म्हणजे सामान्यतः आठ बिट. पॅरलल कार्ड हे आठही बिट आठ तारांवरून एकदम आणतें. सिरियल कार्ड ते एकामागून एक आणतें. तोरण्याच्या अरुंद वाटेनें माणसें एकामागून एक चढतात, आणि रुंद सडकेवरून आठ जण खांद्याला खांदा लावून चालतात, तसाच हा भेद होय. मात्र आठांची रांग लांबच्या वाटेवर मोडते. म्हणून पॅरलल तार दोनतीन मीटरांचीच बरी. सिरियल तार पंधरा मीटरांपर्यंत चालते. १९९६ सालीं आलेल्या यूएसबीची मर्यादा पांच मीटर, तर ईथरनेटची शंभर मीटर आहे.

आतां वेगाचा हिशेब करूं. सिरियल जोडणीचा एक प्रचलित वेग सेकंदास ९६०० बिट. आरंभाच्या व अखेरच्या खुणा धरून प्रत्येक अक्षरास दहा बिट लागतात. म्हणजे सेकंदास ९६० अक्षरें झालीं. ऐंशी अक्षरांची इंग्रजी ओळ सेकंदाच्या बाराव्या हिश्शांत पोंचते. परंतु प्रिंटरांत देवनागरी अक्षरें नसलीं, तर मराठी मजकूर ठिपक्यांचें चित्र करून पाठवावा लागतो. चोवीस सुयांच्या प्रिंटरवर इंचास १८० ठिपके धरल्यास आठ इंची पट्टीचे १४४० स्तंभ होतात. प्रत्येक स्तंभास तीन बाइट, म्हणजे एकूण ४३२० बाइट. त्यांस साडेचार सेकंद लागतात! दहा इंची पानांत अशा ७५ पट्ट्या. पूर्ण भरलेल्या शंभर गुणपत्रिकांस नऊ तासांहून अधिक वेळ लागेल. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या जिस्ट कार्डानें संगणकावर मराठी लिहितां येऊं लागलें. पण तें लिपीचें कार्ड, वाहतुकीचें नव्हे.

तात्पर्य, प्रिंटर संगणकाशेजारींच असेल तर यूएसबी किंवा पॅरलल घ्यावें. अनेक खोल्यांतून छापावयाचें असेल तर ईथरनेट. सिरियल तेव्हांच घ्यावें, जेव्हां संगणकास दुसरी जोडणी नाहीं व मजकूर थोडा आहे. दोन इमारतींमध्यें तांब्याची तार उघड्यावरून नेऊं नये. आपल्याकडील गडगडाटी पावसांत वीज पडल्यास कार्ड व प्रिंटर दोन्ही जळण्याचा संभव असतो. कार्ड आपल्याच नमुन्याच्या प्रिंटरचें आहे कीं नाहीं, हें पुस्तिकेंत पाहावें, आणि बसवितांना विजेचा प्लग काढून ठेवावा. कार्ड कितीही जलद असलें, तरी सुयांचा वेग त्यानें वाढत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

विद्यार्थीमित्रांनो, प्रथम अंतर मोजा, मग मजकूर मोजा, आणि शेवटीं किंमत विचारा.