माया आणि वारली

मध्य अमेरिकेतील माया लोक म्हटले की जंगलातली उंच मंदिरे आठवतात आणि ते लोक कधीच नामशेष झाले, असा समज होतो. वास्तविक ग्वाटेमाला व मेक्सिकोत ते आज लाखोंनी आहेत. त्यांची भाषाही एक नव्हे. ते तीसेक भाषांचे कुळ आहे. ग्वाटेमालाने २००३ साली त्या भाषांना कायद्याने मान्यता दिली.

आपल्या गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या पाड्यांवर वारली आहेत, कातकरी आहेत. दोघांच्या बोली मराठीच्याच कुळातल्या. ग्रियर्सनने भाषासर्वेक्षणाच्या मराठी खंडात (१९०५) त्यांची दखल घेतली. शाळेत मात्र तिला 'अशुद्ध मराठी' म्हणतात. माझ्या घरची भाषा वारली. पहिलीत मला उत्तर येत असे, पण ते घरच्या शब्दांत दिले की वर्ग हसे. पुढे मी बोलणेच सोडले. भाषा कोणती नि बोली कोणती, हे व्याकरणापेक्षा सत्तेने ठरते, असे मला वाटते.

आमच्यात लग्नाचा चौक 'लिहितात' (काढतात असे म्हणत नाहीत), आणि धवलेरी बाई लग्नाची गाणी म्हणते. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली; वारली चित्रे दिवाणखान्यांत पोचली. गाणी पाड्यावरच राहिली.

आमच्या धवलेरीचे वय झाले आहे. सुट्टीत तिची गाणी वहीत उतरवतो आहे. शब्द पुस्तकी मराठीकडे वळवण्याचा मोह होतो, तो टाळतो. मराठी विभागाच्या प्राध्यापकांनी ती वही एकदा पाहावी, ही विनंती.