पायाची रक्तवाहिनी उघडल्यानंतर

शिरूर-दौंडच्या आदिवासी वस्त्यांवर मी आधी विचारते: चालताना पोटरी दुखते आणि उभे राहिल्यावर थांबते का? तंबाखू किंवा मधुमेहामुळे रक्तवाहिनी अरुंद झाल्याची ही खूण असू शकते.

१९६४ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटर यांनी पाय कापू न देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईंची अशी वाहिनी नळीने रुंद केली, पाय वाचला. आज हे काम फुग्याने होते.

अँजिओप्लास्टीनंतर ओटीपोटातली वाहिनी सहसा बराच काळ उघडी राहते; गुडघ्याखालची अनेकदा पुन्हा अरुंद होते. तरी तेवढ्या अवधीत जखम भरली, तर पाय वाचू शकतो. म्हणून तंबाखू कायमची बंद, गोळ्या आणि चालणे रोज.

बंधुभगिनींनो, घरी परतलेल्या रुग्णाला भेटाल तेव्हा त्याची पावलेही पाहा.