एका सेकंदाचा हिशेब



जगात वेळ मोजण्याच्या दोन रीती आहेत. एक पृथ्वीच्या फिरण्यावरून, दुसरी अणूच्या स्पंदनांवरून. सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० स्पंदनांचा काळ म्हणजे एक सेकंद, अशी व्याख्या १९६७ साली ठरली. अणुघड्याळ एका लयीत चालते. पृथ्वीचा वेग मात्र किंचित कमीजास्त होत राहतो. सर्व संस्कार अनित्य आहेत, ही तथागतांची शिकवण येथे घड्याळ लावून तपासता येते.

या दोन वेळांतील फरक ०.९ सेकंदाच्या आत राहावा म्हणून १९७२ पासून जागतिक वेळेत अधूनमधून एक जादा सेकंद घालण्यात येऊ लागला. यालाच लीप सेकंद म्हणतात. २०१६ अखेरपर्यंत असे २७ सेकंद घातले गेले. त्यांपैकी सत्ताविसावा भारतात १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे साडेपाचच्या अगदी आधी आला.

माणसाला हे जाणवतही नाही. अडचण होते ती संगणकाची. युनिक्स पद्धतीच्या संगणकात दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरलेला असतो. जादा सेकंदाला तेथे आकडाच नाही. मग अभियंत्यापुढे तीन मार्ग उरतात.

पहिला मार्ग : घड्याळ एक सेकंद मागे घेऊन तोच सेकंद पुन्हा मोजणे. यात घड्याळ लगेच जागतिक वेळेशी जुळते. परंतु नंतर घडलेली घटना आधीची म्हणून नोंदली जाऊ शकते.

दुसरा मार्ग : तो सेकंद पूर्ण दिवसभर थोडा थोडा वाटून देणे. गूगल कंपनीने ही रीत स्वीकारली. यात घड्याळ कधीच मागे जात नाही. परंतु ते जागतिक वेळेपासून जास्तीत जास्त अर्धा सेकंद चुकते. शेजारचा संगणक पहिल्या मार्गाने चालत असेल तर दोघांचे जमत नाही.

तिसरा मार्ग : लीप सेकंद न मानता सलग मोजत राहणे. जीपीएस उपग्रहांची वेळ अशीच चालते. २०१७ पासून ती जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे झाली. यात फरकाचा तक्ता सतत अद्ययावत ठेवावा लागतो, कारण लीप सेकंदाची घोषणा जेमतेम सहा महिने आधी होते.

निष्काळजीपणाची किंमत काय होते? ३० जून २०१२ च्या लीप सेकंदानंतर लिनक्स प्रणालीतील एका दोषामुळे 'थोडे थांब' ही आज्ञा मिळालेले प्रोग्रॅम न थांबता पुन्हा पुन्हा जागे होऊ लागले आणि अनेक संगणक अडकले. ऑस्ट्रेलियात क्वांटास कंपनीच्या प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली. २०१७ च्या आरंभी क्लाउडफ्लेअर कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये दोन वेळांची वजाबाकी ऋण आली. काळ मागे जाणार नाही, हे तेथे गृहीत धरलेले होते.

यातून विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी घ्याव्यात. किती वेळ गेला हे मोजायचे असेल तर भिंतीवरच्या घड्याळासारखी मागेपुढे होणारी वेळ वापरू नये. संगणकातील केवळ पुढेच जाणारा मोजक वापरावा. दुसरे, कोणताही मार्ग निवडा, परंतु एका व्यवस्थेतील सर्व यंत्रांना तो एकच असावा आणि तो लिहून ठेवलेला असावा.

२०३५ पर्यंत या दोन वेळांत आजच्यापेक्षा मोठा फरक चालवून घेण्याचा ठराव २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने केला आहे. म्हणजे फरक नाहीसा होणार नाही, तो पुढच्या पिढीकडे जाईल. प्रत्येक उपायाला किंमत असते. ती कोण भरणार, हे आधी विचारणे हीच अभियंत्याची सम्यक दृष्टी होय.