मागे वळून पाहताना

शास्त्रपाठ : लूक ९:१-६, १०:१-२०, २२:३५-३८, २४:१३-३५

दिल्लीस जाऊन आलेल्या मराठी माणसास कोपर्निकस मार्ग हे नाव अपरिचित नाही. मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता. कस्तुरबा गांधी मार्गावरील नवे महाराष्ट्र सदन २०१३ साली सुरू झाले. त्यापूर्वी कित्येक वर्षे, राजधानीत उतरायचे म्हणजे या रस्त्यावरील जुन्या सदनात, असे समीकरण होते. ज्याचे नाव या रस्त्यास दिले आहे तो निकोलस कोपर्निकस (१४७३-१५४३) केवळ खगोलशास्त्रज्ञ नव्हता. आज पोलंडमध्ये असलेल्या फ्रॉमबोर्क या गावच्या कॅथीड्रलचा कारभार पाहणाऱ्या धर्ममंडळाचा तो सभासद होता.

प्रिय वाचकहो, या रस्त्याच्या निमित्ताने प्रवासाच्या दोन हकिकती आठवतात. एक रस्त्याच्या नावात दडलेली आहे, १५३९ सालची. दुसरी येथून थोड्याच अंतरावर असलेल्या राजघाटावरून १९६२ साली सुरू झाली. दोन्हींत दोघे मित्र आहेत, दोन्हींत लांबची वाट आहे आणि दोन्हींत नंतर त्या वाटेकडे मागे वळून पाहणेही आहे. प्रस्तुत पाठात आपणास विचार करावयाचा आहे तो या शेवटल्या गोष्टीचा. प्रवास संपतो, माणसे घरी परततात. मग त्या प्रवासाचा हिशेब कोणत्या मापाने मांडावा? लूककृत शुभवर्तमानात शिष्य असे तीनदा मागे वळून पाहतात, आणि तिन्ही वेळा माप निराळे आहे. आधी १९६२ ची हकिकत पाहू.

राजघाट ते आर्लिंग्टन

सतीश कुमार हे मूळचे राजस्थानातील श्रीडुंगरगढचे. वयाच्या नवव्या वर्षी ते जैन मुनी झाले, अठराव्या वर्षी तो वेष सोडून ते विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीत आले. त्यांचे मित्र ई. पी. मेनन हे केरळचे. १९६१ च्या सप्टेंबरात अण्वस्त्रांच्या विरोधात निदर्शने केल्याबद्दल तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांना वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी तुरुंगात जावे लागले. ही बातमी या दोघा तरुणांनी बंगलोरच्या एका कॉफीगृहात वाचली. नव्वदीच्या उंबरठ्यावरचा वृद्ध तुरुंगात जातो आणि आपण कॉफी पीत बसलो आहोत, ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या चार देशांच्या राजधान्यांपर्यंत, म्हणजे मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन येथवर, पायी जाऊन शांततेची विनंती करावयाची, असे त्यांनी ठरविले.

आशीर्वाद मागण्यास ते विनोबांकडे गेले. विनोबा हे आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचे. भूदानासाठी स्वतः वर्षानुवर्षे देशभर पायी हिंडलेले. बायबलचाही त्यांचा व्यासंग होता; ‘ख्रिस्तधर्म-सार’ हे त्यांचे संकलन पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. त्यांनी या दोघांस दोन गोष्टी सांगितल्या. शाकाहार सोडू नका आणि जवळ एकही पैसा बाळगू नका. दुसऱ्या अटीचे कारण मार्मिक होते. खिशात पैसे असले की दमलेला वाटसरू संध्याकाळी खाणावळ शोधतो, भाड्याची खोली घेतो आणि सकाळी निघून जातो. गावातील एकाही माणसाशी त्याची गाठ पडत नाही. पैसे नसले तर कोणाचे तरी दार ठोठवावेच लागते. दार उघडते, ताट वाढले जाते, पाहुणा अमुक पदार्थ का खात नाही असे घरचे लोक विचारतात, आणि तेथून अहिंसेचे व शांततेचे बोलणे सुरू होते.

१९६२ च्या जूनमध्ये गांधीजींच्या समाधीपासून ते दोघे निघाले. पाकिस्तान, खैबर खिंड, अफगाणिस्तान, इराण, पुढे तेव्हाचा सोव्हिएत संघ, पोलंड, जर्मनी, बेल्जियम, फ्रान्स, इंग्लंड आणि जहाजाने समुद्र ओलांडून अमेरिका, अशी ही वाट होती. ते चालत असतानाच त्या वर्षीच्या ऑक्टोबरात भारत-चीन युद्ध पेटले आणि क्यूबाच्या प्रश्नावरून जग अणुयुद्धाच्या काठावर येऊन ठेपले. पॅरिसमध्ये त्यांना अटक झाली. अमेरिकेत त्यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली. आणि ज्या राष्ट्राध्यक्ष केनेडींना भेटावयाचे त्यांची नोव्हेंबर १९६३ मध्ये हत्या झाल्यामुळे, एका समाधीपासून निघालेली ही वाट आर्लिंग्टन येथील दुसऱ्या समाधीपाशी संपली. सुमारे आठ हजार मैलांची ही यात्रा होती. सतीश कुमारांनी पुढे तिचा वृत्तान्त आपल्या आत्मकथनात लिहिला. ते इंग्रजी पुस्तक १९७८ साली निघाले.

पहिले माप : किती साधले?

आता लूकच्या दहाव्या अध्यायाकडे वळू. प्रभूने दोघे दोघे असे पाठविलेले शिष्य आनंदाने परत येतात आणि काय काय साधले ते सांगू लागतात. भुतेदेखील आपणास वश झाली, हा त्यांच्या हिशेबातला मोठा आकडा. प्रभू त्यांचा आनंद नाकारीत नाही, परंतु त्याचे ठिकाण बदलतो. आपल्या हाती आलेल्या सत्तेत आनंद मानू नका, आपली नावे स्वर्गात लिहिलेली आहेत यात माना, असे तो सांगतो. यशाची मोजदाद हे प्रवासाकडे पाहण्याचे पहिले आणि सर्वांत स्वाभाविक माप आहे. प्रभू ते बाजूस ठेवावयास शिकवितो.

या मापाने पाहू गेल्यास १९६२ ची यात्रा फसली असेच म्हणावे लागेल. चारांपैकी एकाही राजधानीने आपली अण्वस्त्रे टाकून दिली नाहीत. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्को येथे अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा करार झाला, परंतु तो या दोन पादचाऱ्यांमुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. पुढे १९७४ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये आपल्याच देशाने पोखरण येथे अणुस्फोट केले, तेही सतीश कुमारांच्या राजस्थानात. केवळ फळ मोजावयाचे तर वही कोरीच राहते. मग ती वाट वाया गेली काय?

दुसरे माप : काय उणे पडले?

शेवटल्या भोजनाच्या रात्री प्रभू शिष्यांस पुन्हा त्या जुन्या प्रवासाची आठवण देतो. या वेळी प्रश्न तोच विचारतो. थैली, झोळी आणि वहाणा यांवाचून मी तुम्हांस पाठविले होते, तेव्हा तुम्हांस कशाची वाण भासली काय? शिष्यांचे उत्तर एका शब्दात मावणारे आहे : कशाचीही नाही.

वाचकहो, या उत्तराचा अर्थ नीट ध्यानात घ्या. त्यांच्यासाठी आकाशातून मान्ना पडला नव्हता. कोणीतरी दार उघडले होते, कोणा गृहिणीने आपल्या चुलीवरचे अन्न वाढले होते, कोणी रात्री अंथरूण दिले होते. काही उणे पडले नाही याचा अर्थ, आपले उणे भरून काढणारी माणसे देवाने वाटेवर आधीच ठेवली होती. ज्याची झोळी भरलेली असते त्यास ही माणसे दिसत नाहीत.

भारत-पाकिस्तान सीमेवर त्या दोघांस निरोप देण्यास काही स्नेही जमले होते. शत्रुराष्ट्रात चालला आहात, निदान एवढे अन्न तरी बरोबर घ्या, असे म्हणून एकाने शिदोरीची पुडकी पुढे केली. सतीश कुमारांनी ती घेतली नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, ही अन्नाची नव्हे, अविश्वासाची पुडकी आहेत. उद्या यजमानांनी विचारले तर काय सांगावे? तुम्ही आम्हांस जेवू घालाल असा भरवसा नव्हता, म्हणून शिधा आणला, असे? दोघे रिकाम्या हातांनी सीमा ओलांडून गेले. पलीकडे एक अनोळखी तरुण त्यांची वाट पाहात होता. शांततेसाठी दोन भारतीय येत असल्याचे त्याने वृत्तपत्रात वाचले होते, आणि लाहोरमध्ये त्यांचा पाहुणचार करण्याची त्याची इच्छा होती.

अविश्वासाची पुडकी हा शब्द आपणही स्वतःस लावून पाहावा. परगावी जाताना आपल्या चर्चचे घर कोठे आहे, आपल्या भाषेचा माणूस कोण आहे, हे आपण आधी शोधतो. त्यात गैर काही नाही. परंतु त्यापलीकडे एकही दार ठोठवावयाचे नाही असा निश्चय करूनच आपण निघत असू, तर ती शिदोरी कशाची म्हणावी? दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या पंथाच्या घरचे पाणी आपण अखेर केव्हा प्यालो?

येथे दोन गोष्टींचा विवेक ठेवला पाहिजे. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूची आज्ञा, यजमान जे वाढील ते खावे, अशी आहे. विनोबांनी मात्र आहाराचे बंधन घातले होते. दोन्ही वाटा तंतोतंत एक नाहीत, आणि ओढूनताणून त्या एक करण्याचे कारणही नाही. दुसरे असे की, त्याच रात्री प्रभू लगेच म्हणतो की आता ज्याच्यापाशी थैली असेल त्याने ती घ्यावी. म्हणजे रिकामी झोळी हा सर्वकाळचा कायदा नव्हे. तो एक धडा होता, आणि एकदा शिकलेला तो धडा कठीण दिवसांसाठी स्मरणात ठेवावयाचा होता. आज आपण तिकिटे, पैसे आणि फोन घेऊन निघतो, तसे निघावेही. परंतु कोणाचेच काही लागू नये असा प्रवास हा आपला आदर्श होऊ नये.

तिसरे माप : कोण बरोबर होता?

पुनरुत्थानाच्या दिवशी दोघे शिष्य अम्माऊस गावाची वाट चालत होते. एकाचे नाव क्लयपा. दुसऱ्याचे नाव लूक देत नाही. वाटेत त्यांस तिसरा सोबती भेटला, त्याने शास्त्र उलगडून सांगितले, पण तो कोण हे त्यांनी ओळखले नाही. भाकर मोडताना ओळख पटली आणि त्याच क्षणी तो दिसेनासा झाला. तेव्हा ते दोघे मागे वळून पाहतात आणि वाटेत आपले अंतःकरण आतून कसे पेटले होते ते एकमेकांस विचारतात. चालताना जे उमगले नाही ते आठवताना उमगले. आणि आठवण पुरी झाली ती दोघे असल्यामुळे; एकट्याला तो भास वाटला असता.

प्रभू शिष्यांस दोघे दोघे का पाठवितो, याचे एक उत्तर येथे मिळते. नियमशास्त्राप्रमाणे साक्ष दोघांची लागते. उपदेशकाच्या चौथ्या अध्यायात, एक पडला तर दुसरा त्यास उठवितो, असा आशय आहे. मित्र आपल्या वाटेचा साक्षी असतो आणि आधारही असतो.

रस्त्याच्या नावातील हकिकत हेच सांगते. सूर्य स्थिर असून पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, हा कोपर्निकसचा विचार वर्षानुवर्षे त्याच्या हस्तलिखितात पडून होता. लोक हसतील या संकोचाने तो छापावयास धजत नव्हता. १५३९ साली रेटिकस नावाचा पंचवीस वर्षांचा गणिताचा प्राध्यापक त्यास भेटावयास आला. कोपर्निकस साहासष्ट वर्षांचा, कॅथलिक धर्ममंडळाचा सभासद. रेटिकस ल्यूथरच्या विटेनबर्ग विद्यापीठातला, प्रॉटेस्टंट. त्या प्रांतात ल्यूथरच्या अनुयायांविरुद्ध बिशपांचे कडक हुकूम होते. तरीही दार उघडले गेले. त्या उन्हाळ्यात हे दोघे फ्रॉमबोर्कहून ल्युबावा येथे कोपर्निकसचे जुने स्नेही बिशप गीझे यांच्याकडे गेले आणि काही आठवडे तेथे राहिले. ग्रंथ प्रसिद्ध करावा असा गीझे यांचा आग्रह होता. १५४० साली रेटिकसने या नव्या मताचा पहिला वृत्तान्त छापला. त्यात ल्युबावाच्या त्या मुक्कामाचीही आठवण आहे. पुढे १५४३ साली मूळ ग्रंथ निघाला. एका मित्राने दुसऱ्याच्या पेटीतील दिवा बाहेर काढला तो असा.

राजघाटावरून निघालेल्या दोघांनाही वाटेतला असाच एक प्रसंग मागाहून सर्वांत मोलाचा ठरला. काळ्या समुद्राजवळ एका चहाच्या कारखान्याबाहेर त्यांस दोन स्त्रिया भेटल्या. हे भारतातून पायी आले आहेत हे ऐकून त्यांनी दोघांस आत नेऊन चहा पाजला. मग त्यांतील एकीने चहाची चार पाकिटे आणून दिली, चार राष्ट्रप्रमुखांसाठी एकेक. निरोप असा की, अण्वस्त्राची कळ दाबण्याचा अविचार मनात आलाच तर क्षणभर थांबावे आणि या पाकिटातला चहा करून प्यावा. ज्यांनी वाटेसाठी अन्नाचे पुडके घेतले नाही, त्यांच्या झोळीत आता इतरांस द्यावयाची चार पाकिटे आली. पहिली पुडकी भीतीने बांधलेली होती, ही चार विश्वासाने. यात्रेने शस्त्रे हटविली नाहीत. परंतु चहाच्या कारखान्यातील एका कामगार स्त्रीचा शब्द चार राजधान्यांकडे चालू लागला. हे पहिल्या मापात कोठेच बसत नाही. ते मागे वळून पाहणाऱ्यासच दिसते.

आपणासाठी

वाचकहो, आपणही कोणा मित्राबरोबर देशाचा एखादा लांब पल्ला गाठला असेल. त्या प्रवासाचे फोटो असतील, खर्चाचा हिशेब असेल, पाहिलेल्या स्थळांची यादी असेल. ते सर्व राहू द्या. तो मित्र हयात असेल तर त्यास पत्र लिहा किंवा फोन करा आणि दोघांनी मिळून आठवा. कोणत्या घरी पाणी मिळाले? गाडी बंद पडली तेव्हा कोण थांबले? कोणत्या वळणावर आपले बोलणे असे रंगले की अंतर कळले नाही? त्या अनोळखी माणसांची नावे आज आठवणार नाहीत. अम्माऊसच्या वाटेवरील दुसऱ्या शिष्याचेही नाव आपणास ठाऊक नाही. म्हणून त्याची वाट कमी मोलाची होत नाही.

चिंतनासाठी व गटचर्चेसाठी

१. लूक ९:३ व मार्क ६:८-९ ताडून पाहा. काठी व वहाणा यांविषयी काय फरक आढळतो? दोन्हींत समान काय आहे?

२. लूक २२:३५ मधील प्रश्न आपल्या गेल्या वर्षास लावा. जे उणे भरून निघाले ते कोणाच्या हातून?

३. आपल्या मंडळीने जवळ बाळगलेले अविश्वासाचे एखादे पुडके कोणते? ते सोडून देऊन या महिन्यात कोणाच्या दारी जाता येईल?

४. एखाद्या मित्राच्या पेटीत झाकून पडलेला दिवा आपणास ठाऊक आहे काय? तो बाहेर आणण्यास आपण किती वाट चालावयास तयार आहोत?