‘रन’ शिकवताना उमगलेलं

मी मिरजेत इंग्रजी शिकवते. दिवसा मराठी माध्यमाची शाळा आणि संध्याकाळी परदेशी नोकरीसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या नर्सेसचा वर्ग. दोन्ही ठिकाणी सगळ्यांना धास्ती असते ती लांबलचक शब्दांची. माझा अनुभव उलट आहे. ‘फोटोसिंथेसिस’ एकदा पाठ झाला की जन्मभर तोच एक अर्थ देतो. अडवतात ते चिमुकले शब्द, आणि त्यांतही ‘रन’. या एका शब्दाने मला शिकवण्याबद्दल जे शिकवलं, ते इथे मांडते.

१. लहान शब्द आधी भेटतो, कळतो मात्र फार उशिरा.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे ‘रन’ मुलांना सहाव्या-सातव्या वर्षीच भेटतो. चित्रात एक मुलगा पळतोय, खाली ‘रन म्हणजे धावणे’. तो अर्थ खरा आहे, पण मुलांच्या मनात तो एकटाच घर करून बसतो. मग नववी-दहावीत ‘शी रन्स अ स्मॉल हॉटेल’ असं वाक्य आलं की चांगलं वाचणारी मुलगीही थबकते. थबकली की तिला वाटतं, एवढं साधंही आपल्याला येत नाही. ही लाज मला फार खुपते. तिचं काहीही कारण नाही.

२. ज्यांनी कोश रचले, त्यांनाही या शब्दांनी घाम फोडला.

सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘सेट’, ‘गो’, ‘रन’, ‘मेक’, ‘टेक’ अशा क्रियापदांची नावं घेऊन सांगितलं आहे की यांचे अर्थ इतके सैल आणि पसरलेले आहेत, की या क्रियापदांमुळे आपलं काम फार वाढलं. ऑक्सफर्डचा मोठा कोश १८८४ पासून भागाभागाने निघत १९२८ साली पुरा झाला. १९८९ च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती, अर्थ सुमारे ४३०. पुढे कोशाचं नव्याने संपादन सुरू झालं आणि ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकलं. ‘रन’च्या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर या संपादकांचे त्यात नऊ महिने गेले.

हे मी वर्गात आवर्जून सांगते. ऑक्सफर्डच्या संपादकाला ज्या शब्दाने नऊ महिने अडकवून ठेवलं, त्यावर दहावीतली मुलगी दोन मिनिटं अडली तर त्यात कमीपणा कसला?

३. मुळाशी गेलं की बरेच अर्थ एका धाग्यात येतात.

‘रन’च्या जुन्या जर्मानिक मुळात धावणं आणि वाहणं, दोन्ही होतं. जर्मन भाषेतला ‘रिनेन’ आजही वाहण्यासाठीच वापरतात. म्हणून इंग्रजीत नदी ‘रन’ होते, नळ ‘रन’ होतो, सर्दीत नाक ‘रन’ होतं, धुण्यात कच्चा रंग ‘रन’ होतो. मराठीत नदी वाहते, नळ सुटतो, नाक गळतं, रंग जातो. चार वेगळी क्रियापदं, म्हणून आपल्याला ते चार वेगळे अर्थ वाटतात. इंग्रजाच्या मनात मात्र तिथे एकच हालचाल आहे, न थांबता पुढे सरकणारं काहीतरी. संस्कृतातल्या ‘धाव्’ धातूतही धावणं आणि वाहणं शेजारी शेजारी आहेत, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आठवीच्या पुढे संस्कृत घेतलेल्या मुलांना हे सांगितलं की त्यांचेही चेहरे खुलतात.

४. इंग्रजीत जे धावतं, ते मराठीत बहुतेक वेळा चालतं.

माझ्या वर्गात सर्वांत उपयोगी पडलेलं सूत्र हेच. दुकान चालतं, घर चालतं, संस्था चालवतात, घड्याळ चालतं, पंप चालतो, नाटक सहा महिने चालतं, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चालतो. या सगळ्या ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ बसतो. वाक्यात ‘रन’ दिसला आणि कोणी पळत नसेल, तर आधी ‘चालणे’ किंवा ‘चालवणे’ लावून पाहा, असं मी सांगते. वर उल्लेखलेली हॉटेल चालवणारी बाई लगेच कळते.

उलट जाताना मात्र सांभाळावं लागतं. दुकान चालतं म्हणून ‘द शॉप वॉक्स’ असं लिहिलेल्या वह्या मी दरवर्षी तपासते. आपलं ‘चालेल’ तर आणखी वेगळं. संमती, समाधान, तडजोड सगळं त्या एका शब्दात असतं आणि त्याच्या जागी ‘रन’ कधीच येत नाही.

‘रन’चा संसार एवढा वाढला तो यंत्रांच्या युगात. आधी माणूस, घोडा आणि पाणी धावत होतं. मग माग आले, इंजिनं आली, गाड्या आल्या आणि या प्रत्येकासाठी इंग्रजीने तोच जुना शब्द वापरला. रेल्वेच्या बाबतीत आपणही तेच केलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी ‘धावली’ असंच आपली पुस्तकं सांगतात आणि फलाटावरची घोषणाही गाडी उशिराने ‘धावत आहे’ असंच म्हणते. दुकान चालतं, पण आगगाडी धावते. हा फरक का पडला असावा यावर वर्गात चर्चा लावली की तास कधी संपतो ते कळत नाही.

५. शेपटाकडे आधी पाहावं.

‘रन’ला ‘इन्टू’ लागला की अचानक भेट, ‘ओव्हर’ लागला की गाडीखाली येणं, ‘आउट ऑफ’ लागला की घरातली साखर संपणं. याद्या पाठ करून हे टिकत नाही. मराठीकडे पाहिलं की यातलं तत्त्व मुलांना चटकन पटतं. ‘मदतीला धावून आला’ आणि ‘अंगावर धावून गेला’ यांत धावणं तेच आहे, पण एकात माणूस वाचवतो आणि दुसऱ्यात मारायला निघतो. आपल्याकडे अर्थ बदलणारे शब्द क्रियापदाच्या पुढे-मागे दोन्हीकडे येतात, इंग्रजीत बहुधा मागून येतात. म्हणून क्रियापद वाचून थांबू नये, पुढचा शब्द वाचेपर्यंत अर्थ ठरवू नये.

६. नर्सच्या कानाला ‘रन’ ओळखता आलाच पाहिजे.

संध्याकाळच्या वर्गात हा शब्द जबाबदारीचा होतो. इंग्लंडमधल्या वॉर्डात पेशंट ‘आय हॅव गॉट द रन्स’ म्हणाला, तर त्याला जुलाब होताहेत. ‘आय फील रन डाउन’ म्हणजे अंगात त्राण नाही. ‘आय हॅव रन आउट ऑफ माय टॅब्लेट्स’ म्हणजे गोळ्या संपल्या, आणि त्या रक्तदाबाच्या किंवा फिट्सच्या असतील तर हे तातडीने डॉक्टरांच्या कानावर घालावं लागतं. ‘शी इज रनिंग अ टेम्परेचर’ म्हणजे ताप आहे. ‘इट रन्स इन द फॅमिली’ म्हणजे हा आजार घराण्यात आहे, तेव्हा पुढचा प्रश्न आई-वडिलांच्या तब्येतीचा हवा. डॉक्टर तपासण्या ‘रन’ करायला सांगतात. सलाइनही ‘रन’ होते, आणि आपल्याकडे सलाइन ‘चालू’ असते, म्हणजे इथे चौथं सूत्र पुन्हा कामाला येतं.

या मुली हुशार असतात. शरीरशास्त्राचे अवघड लॅटिन शब्द त्यांना झोपेतून उठवलं तरी येतात. पण दुखणाऱ्या माणसाच्या तोंडी लॅटिन नसतं. तो घरातली, लहानपणापासूनची भाषा बोलतो आणि ती भाषा अशाच छोट्या शब्दांनी भरलेली असते. परीक्षेच्या गुणांपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. म्हणून एक मुलगी पेशंट, एक नर्स असं करून आम्ही हे संवाद पुन:पुन्हा बोलून घेतो, कान तयार होईपर्यंत.

७. देश बदलला की शब्दही जागा सोडतो.

निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’. आपला उमेदवारही उभाच राहतो. पायमोज्याची वीण उसवून रेघ पडली तर अमेरिकेत तो ‘रन’, ब्रिटनमध्ये ‘लॅडर’. परीक्षेसाठी एवढं पुरे.

८. मराठीने ‘रन’ला दिलेली उत्तरं मुलांना जरूर दाखवावीत.

‘रनिंग स्टिच’ला शिवणकामात धावदोरा म्हणतात. ‘रनवे’ची धावपट्टी झाली, ‘रनिंग कॉमेंटरी’चं धावतं वर्णन झालं. क्रिकेटमधला ‘रन’ धाव झाला, आणि चौकार गेला की फलंदाज जागचा न हलताही त्याच्या नावावर चार धावा लागतात. ‘रनआउट’साठी घडवलेला ‘धावचीत’ मला सर्वांत आवडतो. कुस्तीच्या आखाड्यातला ‘चीत’ उचलून क्रिकेटच्या मैदानात आणला आणि तो असा बसला की आज कोणाला जोड दिसत नाही. सुतार आणि कंत्राटदार मात्र ‘रनिंग फूट’च म्हणतात, त्यांना तोच सोयीचा आहे आणि त्यात काही वावगं नाही.

९. ‘रन’चा पाठ मी ‘लागणे’पासून सुरू करते.

फळ्यावर ‘लागणे’ लिहायचं आणि मुलांना वाक्यं विचारायची. भूक लागली. आग लागली. ठेच लागली. निकाल लागला. नोकरी लागली. बस लागली, एकदा फलाटाला आणि एकदा प्रवासात मळमळ होऊन. डोळा लागला. दृष्ट लागली. जायला एक तास लागतो. रडू लागला. फळा भरतो, पण हे अर्थ कोणी पाठ केलेले नसतात. प्रत्येक अर्थ कोणाच्या तरी तोंडून, एका पूर्ण वाक्यात ऐकलेला असतो.

हे मला जास्त नीट कळलं ते केरळहून आलेल्या एका नर्सकडून. ती इथल्या दवाखान्यात काम करता करता मराठी शिकत होती आणि ‘लागणे’साठी तिने वहीत वेगळी पानं ठेवली होती. त्यात अर्थ लिहिलेले नव्हते. ‘रात्रभर डोळा लागला नाही, बेड सातवरच्या आजी’, ‘पायाला लागलंय, ड्रेसिंगला आलेला मुलगा’ असं वाक्य आणि बोलणारं माणूस, दोन्ही लिहिलेलं होतं. आता माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली ‘रन’, ‘गेट’, ‘टेक’ आणि ‘सेट’साठी तशीच पानं ठेवतात. एका पानावर एक क्रियापद, आणि खाली फक्त ऐकलेली किंवा वाचलेली वाक्यं, ज्याने म्हटलं त्याच्यासकट.