दोनच फ्री थ्रो

अगं, परवा मॅच संपल्यावर तू लेस सोडायचं निमित्त करून किती वेळ खाली मान घालून बसली होतीस! लेस केव्हाच सुटल्या होत्या, मी बघत होते. शेवटचे दोन्ही फ्री थ्रो हुकले आणि एका पॉइंटनं मॅच गेली. घरी येऊन म्हणालीस, "ताई, रोज पन्नास मारते गं मी. चाळीस तरी आत जातातच."

जातात, मला माहीत आहे. पण ते तू मारतेस कसे? कोर्ट रिकामं, एकाच जागी उभी राहून, लागोपाठ. दहा-बारा झाले की हात बसतो, मग पुढचे आपसूक पडत राहतात. मॅचमध्ये असे पन्नास कोण देणार तुला? तिथे मिळतात दोन. तेही धापा टाकत असताना, तळहात घामेजलेले असताना.

तुझ्याएवढी असताना माझंही असंच झालं होतं. त्यानंतर कितीतरी महिने मी ले-अपला आत घुसायचंच सोडलं. घुसलं तर फाउल मिळेल, आणि मग पुन्हा त्या रेषेवर उभं राहावं लागेल! हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगतेय.

आणि हे फक्त तुझं-माझं नाही. १९९५ ची एनबीए फायनल, पहिली मॅच. ऑर्लँडोचा निक अँडरसन. टीम तीन पॉइंटनी पुढे, शेवटचे काही सेकंद, आणि त्याचे लागोपाठ चार फ्री थ्रो हुकले. एक जरी पडला असता तरी बहुधा मॅच त्यांचीच होती. ह्यूस्टननं बरोबरी साधली, ओव्हरटाइममध्ये जिंकली, पुढे मालिकाही ४-० नं घेतली. एरवी शंभरातले सत्तरेक टाकणारा हा माणूस दोनच वर्षांत चाळिसावर आला. हात तोच होता गं, आत भीती बसली होती. ती तुझ्यात बसू द्यायची नाहीये मला.

म्हणून आता पन्नास बंद. बेसलाइनपासून बेसलाइनपर्यंत दोनदा जोरात पळ, थेट रेषेवर ये आणि दोनच मार. पुन्हा पळ, पुन्हा दोन. असं दहा वेळा. वीसपैकी किती पडले ते वहीत लिही. पहिल्या आठवड्यात आकडा बघून रडू येईल, तरी लिही.

शेवटी एक खेळ: आत गेला तर एक पॉइंट, हुकला तर दोन वजा. दहा झाल्याशिवाय घरी यायचं नाही. आठवर पोचलीस की पोटात गोळा येतो बघ. तोच गोळा आपल्याला रोज हवाय, म्हणजे मॅचमध्ये तो अनोळखी वाटणार नाही.

एकीचा हुकला की सगळ्या टीमला पळवायचं, ही पद्धत मला मुळीच पटत नाही. त्यानं ती पोरगी सगळ्यांची गुन्हेगार होते. त्यापेक्षा मैत्रिणींना बोर्डामागे उभं करून ओरडायला सांग, कुणाला तरी मोबाइलवर शूटिंग करू दे. गोल्फच्या पटिंगवर असा प्रयोग झालाय. कॅमेऱ्यासमोर सराव केलेले लोक दडपणाखाली ढेपाळले नाहीत.

आणि रेषेवर दर वेळी सगळं तसंच कर. तीन टप्पे, एक लांब श्वास, नजर रिंगच्या मागच्या कडेवर, थ्रो. बॉल हातात आल्यापासून पाच सेकंद मिळतात, एवढ्यात हे आरामात बसतं. परवा तू पहिल्या थ्रोला तीन टप्पे घेतलेस आणि दुसऱ्याला एकच. घाई झाली होती तुला, त्या जागेवरून सुटायची. कोपर कुठे आहे, मनगट वळलं का, हे तेव्हा आठवायचं नाही. ते सगळं प्रॅक्टिसला.

उद्या साडेपाचला कोर्टवर ये, वही घेऊन. बोर्डामागे ओरडायला मी उभी आहे.