बुरशी लागलेले धान्य आणि यकृताचा कर्करोग

सन १९६० मध्ये इंग्लंडात टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी अल्पावधीत मृत्यू पावले. शोध करता त्यांना दिलेल्या भुईमुगाच्या पेंडीत बुरशीचे विष सापडले. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीवरून त्यास अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले.

आपल्या देशातही असा प्रसंग घडला. सन १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल जिल्ह्यांत अवकाळी पावसाने मका भिजला. तोच मका खाल्ल्याने अनेक आदिवासी कुटुंबांत कावीळ पसरली व शंभरांवर माणसे दगावली. गावातील कुत्रीही मेली.

हे विष पुष्कळ प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला तत्काळ इजा होते. अल्प प्रमाणात वर्षानुवर्षे जात राहिल्यास यकृतात त्याचे रूपांतर होऊन ते पेशींतील आनुवंशिक द्रव्याला चिकटते व त्यात बिघाड करते. त्यातूनच पुढे कर्करोग उद्भवू शकतो. ज्यांना ब प्रकारची संसर्गजन्य कावीळ जडली आहे, त्यांना हा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो.

भाजल्याने वा शिजविल्याने हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही. वरची बुरशी पुसली तरी विष दाण्यात राहते. बुरशीची पेंड खाणाऱ्या गाईम्हशींच्या दुधातही त्याचा अंश उतरतो. म्हणून प्रतिबंध हाच खरा उपाय होय.

शेतकरी बंधूंनी पुढील दक्षता घ्यावी :

१. भुईमूग वेळेवर काढावा. काढताना शेंगांस कुदळीचा घाव लागू देऊ नये.

२. उपटलेले वेल शेंगा वर व पाला खाली राहील असे वाळत घालावेत. शेंग हलविताच दाणे खुळखुळ वाजले म्हणजे ती वाळली असे समजावे.

३. फोडणे सोपे जावे म्हणून शेंगांवर पाणी शिंपडण्याची चाल सोडून द्यावी.

४. पोती ओल्या जमिनीवर वा भिंतीला टेकून न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत.

५. काळे पडलेले, सुरकुतलेले व किडके दाणे निवडून खोल पुरावेत. ते घाण्याला, कोंबड्यांना वा मजुरांना देऊ नयेत.

चांगला माल बाजारात व खराब माल घरात, ही रीत बहुतेक घरी आहे. तिची किंमत घरातील मुलाबाळांना द्यावी लागते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट विशेषतः गृहिणींना समजावून सांगावी. कारण निवडण्याचे सूप त्यांच्याच हाती असते.